‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हे मृत्यूचं कारणच नाही! मग देशात लोक कशामुळे दगावतात, हे सरकारला कळतं कसं?

वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान उघडून बघा. ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’, ‘अल्पशा आजाराने निधन’, ‘वृद्धापकाळाने निधन’. वर्षानुवर्षं हीच तीन-चार वाक्यं फिरून फिरून दिसतात. निधनवार्तेसाठी तेवढं पुरेसं असतं. गेलेल्या माणसाचा आजार चारचौघांत सांगायची कुणाला हौस नसते.

अडचण पुढे येते. हीच भाषा हॉस्पिटलच्या फॉर्मवर आणि तिथून सरकारी आकडेवारीत उतरते. देशात टीबीने किती लोक जातात, मधुमेहाने किती, साप चावून किती, हे याच कागदांवरून ठरतं. कोणत्या आजारासाठी पैसा द्यायचा, औषधं कुठे पाठवायची, लस कोणती आणायची हेसुद्धा त्यावरच ठरतं. कागदावर कारण चुकीचं असेल तर पैसाही चुकीच्या ठिकाणी जातो.

भारतात ही परिस्थिती नेमकी कशी आहे? मृत्यूचं कारण कोण लिहितं? ते चुकतं कुठे आणि सुधारता कसं येईल? समजून घेऊ.

आधी आकडे बघू

२०२० साली देशात ८१ लाख १५ हजार ८८२ मृत्यूंची नोंद झाली. त्यातल्या १८ लाख ११ हजार ६८८ मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी लेखी प्रमाणित केलं होतं. म्हणजे सुमारे २२ टक्के. २०२१ मध्ये नोंदवलेले मृत्यू १.०२ कोटींवर गेले आणि प्रमाणित मृत्यूंचं प्रमाण २३.४ टक्के होतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर नोंद झालेल्या दर चार मृत्यूंपैकी तिघांचं वैद्यकीय कारण सरकारच्या दप्तरी नाही.

राज्याराज्यांत मोठा फरक आहे. २०२० च्या अहवालात गोव्यात नोंद झालेल्या १०० टक्के मृत्यूंचं कारण प्रमाणित होतं. त्याच वेळी बिहारमध्ये हे प्रमाण एक आकडी होतं. त्यामुळे ‘देशाची’ म्हणून जी आकडेवारी समोर येते, तिच्यात सगळ्या राज्यांचं वजन सारखं नसतं.

आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये प्रमाणित झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ६४ टक्के पुरुषांचे होते आणि ३६ टक्के स्त्रियांचे. ही आकडेवारी मुख्यतः हॉस्पिटलमधून येते. ज्यांना हॉस्पिटलपर्यंत नेलं जातं त्यांचीच कारणं तिच्यात दिसतात. घरी, शेतात किंवा वाटेत जीव गेलेल्यांची कारणं दिसत नाहीत.

मृत्यूचं कारण कोण लिहितं?

याचा पाया आहे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९. या कायद्याप्रमाणे प्रत्येक मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवावा लागतो. त्यानंतर विलंब शुल्क आणि वरिष्ठांची परवानगी अशा पायऱ्या लागतात. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत. या सगळ्याच्या वर असतात भारताचे महानिबंधक. जनगणना करणारं कार्यालयही हेच.

नोंदणीसाठी मृत्यूची माहिती देणारा एक फॉर्म असतो. त्याशिवाय मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला हा वेगळा कागद असतो. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर ‘नमुना ४’. घरी झाला आणि शेवटच्या आजारात कुणी डॉक्टर उपचार करत असेल तर ‘नमुना ४ अ’. हा कागद डॉक्टरने भरायचा असतो.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. बँकेत, विम्यासाठी किंवा सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी आपण जो मृत्यूचा दाखला देतो, त्यावर मृत्यूचं कारण नसतं. ते छापायचंच नाही, असं कायदाच सांगतो. कारण हे गोपनीय असतं आणि ते आकडेवारीसाठी घेतलं जातं. त्यामुळे बहुतेक कुटुंबांना आपल्या माणसाच्या मृत्यूचं कारण सरकारदरबारी काय लागलंय, हे माहीतच नसतं.

फॉर्मवर नेमकं काय लिहायचं असतं?

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेला हा नमुना जगभर जवळपास सारखाच आहे. त्याचे दोन भाग असतात.

पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत थेट मृत्यू घडवणारी स्थिती लिहायची. खालच्या ओळीत ती कशामुळे झाली ते. त्याच्या खाली ती दुसरी स्थिती कशामुळे झाली ते. असं मागे मागे जात सगळ्यात खाली जे येतं, ते मूळ कारण. प्रत्येक ओळीसमोर तो त्रास किती काळ होता हेही लिहायचं असतं. दुसऱ्या भागात या साखळीत थेट न येणारे, पण हातभार लावणारे आजार येतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ५८ वर्षांचा एक माणूस. १५ वर्षांपासून मधुमेह, सोबत रक्तदाब. पायाला जखम झाली, ती चिघळली, गँगरीन झालं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि तीन दिवसांत तो गेला.

असं लिहिलेलं आढळतं: ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. बस, एवढंच.

लिहायला हवं असं:

- ओळ अ: सेप्सिस (३ दिवस)
- ओळ ब: पायाचं गँगरीन (२० दिवस)
- ओळ क: टाइप २ मधुमेह (१५ वर्षं)
- दुसरा भाग: उच्च रक्तदाब

दुसऱ्या पद्धतीने लिहिलं तर हा मृत्यू मधुमेहाच्या खात्यात जातो. पहिल्या पद्धतीने लिहिलं तर तो कुठल्याच आजाराच्या खात्यात जात नाही, किंवा हृदयाच्या खात्यात चुकून जातो. गावोगावी अशा दोनशे लोकांचे कागद तसेच भरले गेले तर जिल्ह्याच्या आकडेवारीत मधुमेह गायब होतो. मग तिथे इन्सुलिनचा साठा किंवा पायाच्या जखमा तपासणारा दवाखाना कशाला हवा, असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ म्हणजे हृदय आणि श्वास थांबणं. मरताना प्रत्येकाचंच हृदय थांबतं. वाघाने मारलं तरी थांबतं आणि कॅन्सरने गेलं तरी थांबतं. त्यामुळे ते मृत्यूचं वर्णन झालं, कारण नव्हे.

‘गार्बेज कोड’ ही काय भानगड आहे?

डॉक्टरने लिहिलेल्या कारणाला नंतर एक कोड दिला जातो. त्यासाठी आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात, ज्याला आयसीडी म्हणतात. त्याची सुरुवात १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्टिलॉन यांनी केलेल्या यादीतून झाली. भारतात सध्याची आकडेवारी त्याच्या दहाव्या आवृत्तीवर चालते. अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झाली आहे.

या वर्गीकरणात असे काही कोड आहेत, जे लावले तर आरोग्य यंत्रणेला काहीच कळत नाही. हृदय बंद पडणं, हार्ट फेल्युअर, नुसताच ताप, अचानक मृत्यू, वार्धक्य वगैरे. तज्ज्ञ त्यांना ‘गार्बेज कोड’ म्हणतात. कागद भरलेला असतो, टक्केवारीत तो मोजलाही जातो, पण त्यातून हाती काही लागत नाही.

हा प्रश्न फक्त गरीब देशांचा आहे, असंही नाही. २०२२ साली ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून ‘वार्धक्य’ लिहिलं होतं. ९६ वर्षांच्या व्यक्तीबाबत ते समजण्यासारखं आहे. पण ६५ वर्षांच्या शेतकऱ्याच्या कागदावर तेच लिहिलं जातं, तेव्हा एखादा टीबी, एखादा सीओपीडी किंवा एखादा न ओळखलेला कॅन्सर त्या शब्दाखाली लपलेला असू शकतो.

गळती कुठे कुठे होते?

मृत्यू झाल्यापासून तो राष्ट्रीय आकडेवारीत येईपर्यंत तीन ठिकाणी माहिती गळते.

पहिली गळती: मृत्यूची नोंदच होत नाही. २०१९ मध्ये देशातल्या ९२ टक्के मृत्यूंची नोंद होते, असा सरकारी अंदाज होता. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये मात्र घरोघरी विचारल्यावर हे प्रमाण सुमारे ७१ टक्के निघालं. म्हणजे नोंदणी किती होते याबाबतही दोन सरकारी उत्तरं आहेत. ज्याच्या नावावर जमीन नाही, बँकेत पैसे नाहीत, विमा नाही, त्याचा दाखला काढायची घरच्यांना गरज पडत नाही. लहान बाळं आणि स्त्रिया या नोंदीतून जास्त सुटतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी गळती: नोंद होते, पण कारण नसतं. १९६९ च्या कायद्यात वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं करायचं की नाही, हे राज्यांवर सोडलं होतं. जिथे वैद्यकीय सोयी आहेत तिथे राज्याने अधिसूचना काढून ते लागू करायचं, अशी रचना होती. त्यामुळे अनेक राज्यांत मोजकी सरकारी हॉस्पिटलंच या योजनेत आली. खासगी नर्सिंग होम बाहेर राहिली. दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या डॉक्टरला मूळ कायद्यात दंड होता फक्त ५० रुपयांपर्यंत.

घरी झालेल्या मृत्यूंचं तर विचारूच नका. शेवटच्या आजारात डॉक्टरच नसेल तर कारण प्रमाणित कोण करणार? मग नोंदणीच्या फॉर्मवर घरचे जे सांगतील ते लिहिलं जातं: ‘ताप’, ‘छातीत दुखलं’, ‘म्हातारपण’.

तिसरी गळती: कारण असतं, पण चुकीचं असतं. याची कारणं माणसांत आहेत. मोठ्या हॉस्पिटलमध्ये हा फॉर्म पुष्कळदा रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या हातात येतो. पेशंट त्याने पहिल्यांदाच पाहिलेला असतो, बाहेर नातेवाईक घाई करत असतात, पुढचा पेशंट वाट बघत असतो. एमबीबीएसच्या काळात हा फॉर्म एकदा शिकवलेला असतो, पण सराव झालेला नसतो. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलं की कुणी आक्षेप घेत नाही.

कधी घरच्यांचा दबाव असतो. आत्महत्या, एचआयव्ही, दारू, टीबी हे शब्द कागदावर नकोत, अशी विनवणी होते. कधी कोर्टकचेरीची धास्ती असते. पोस्टमॉर्टेम झालेल्या प्रकरणात ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ असं लिहिलं जातं. प्रयोगशाळेचा अहवाल काही महिन्यांनी येतो. तो पोलिसांच्या फाइलला लागतो, पण नोंदणी कार्यालयातलं कारण दुरुस्त करायला पुन्हा कुणी जातंच असं नाही.

चुकीच्या आकड्यांनी काय बिघडतं?

सर्पदंशाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. हॉस्पिटलांच्या सरकारी आकड्यांत देशात वर्षाला साप चावून जाणाऱ्यांची संख्या एक-दोन हजारांच्या घरात दिसायची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००५ या एका वर्षातला आकडा सुमारे ४६ हजार असल्याचं दाखवलं. सरकारी आकड्याच्या तीसपटीहून जास्त! यातले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि हॉस्पिटलमध्ये झालेले जेमतेम २३ टक्के. पुढे २०२० मध्ये आलेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने गेल्याचा अंदाज मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

ही माणसं पावसाळ्यात शेतात किंवा घरात साप चावून गेली. हॉस्पिटलपर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून हॉस्पिटलच्या आकड्यात आली नाहीत. आकड्यात नाहीत म्हणून सर्पदंश ही मोठी समस्या वाटली नाही. खरा आकार समोर आल्यानंतर धोरण हललं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविरोधात राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं केंद्राने राज्यांना कळवलं.

आकडे नेहमी कमीच असतात असंही नाही. २००४ मध्ये भारतात एचआयव्हीने वर्षाला सुमारे ४ लाख मृत्यू होतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज होता. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत तो सुमारे १ लाख निघाला. आत्महत्यांच्या बाबतीत उलटं झालं. २०१० साली पोलिसांच्या नोंदींवर आधारलेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा सुमारे १.३५ लाख होता. पाहणीतून आलेला अंदाज होता १.८७ लाख.

कोव्हिडने तर हा विषय घराघरात नेला. २०२१ च्या अखेरपर्यंत देशात कोव्हिडने ४.८१ लाख मृत्यू झाल्याची अधिकृत नोंद होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाल्याचा अंदाज दिला. यात थेट कोव्हिडचे आणि त्या काळात उपचार न मिळाल्याने झालेले, असे दोन्ही मृत्यू धरलेले होते. भारत सरकारने त्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला.

खरं काय हे ठरवायला देशाची स्वतःची आकडेवारी हवी होती. ती वेळेवर आलीच नाही. २०२१ चा नोंदणी अहवाल प्रसिद्ध झाला मे २०२५ मध्ये. त्यातून दिसलं की नोंदवलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख होते, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १.०२ कोटी. एका वर्षात २१ लाखांची वाढ. यातले सगळे कोव्हिडचे होते असं म्हणता येत नाही, कारण नोंदणीचं प्रमाणही बदलत असतं. पण त्या वर्षीच्या तीन चतुर्थांशांहून जास्त मृत्यूंचं कारणच प्रमाणित नसल्याने नेमकं उत्तर या कागदांतून मिळणं अवघड आहे.

याचा फटका थेट कुटुंबांना बसला. कोव्हिडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. पण अनेकांच्या कागदांवर कोव्हिड हा शब्दच नव्हता. केवळ दाखल्यावर कोव्हिड लिहिलेलं नाही या कारणाने मदत नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. कुटुंबांच्या तक्रारी ऐकायला जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या नेमाव्या लागल्या.

डॉक्टरच नसेल तर कारण शोधायचं कसं?

इथे ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ कामाला येते. नावात ऑटॉप्सी असली तरी यात चिरफाड नसते. प्रशिक्षित कर्मचारी मृत्यूनंतर काही काळाने घरी येतो. शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारतो. ताप होता का? किती दिवस? खोकल्यातून रक्त पडायचं का? अंगावर सूज होती का? तंबाखू खायचे का? त्यासोबत घरच्यांच्या शब्दांत सगळी हकिगत त्यांच्याच भाषेत लिहून घेतो. नंतर ती दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचतात आणि कारण ठरवतात. त्यांचं जुळलं नाही तर प्रकरण तिसऱ्या, अनुभवी डॉक्टरकडे जातं.

भारतात महानिबंधकांची नमुना नोंदणी योजना आहे. देशभरातल्या ८,८४२ निवडक वस्त्या आणि वॉर्डांमध्ये, सुमारे ८० लाख लोकसंख्येत, प्रत्येक जन्म-मृत्यूवर तिचं लक्ष असतं. डॉ. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखाली आणि महानिबंधक कार्यालयाच्या सहकार्याने झालेला ‘मिलियन डेथ स्टडी’ याच योजनेवर उभा राहिला. वर दिलेले सर्पदंश, एचआयव्ही आणि आत्महत्यांचे अंदाज याच अभ्यासातून आले. आता या व्हर्बल ऑटॉप्सीच्या कामात दिल्लीच्या एम्सचा समन्वय असतो.

महाराष्ट्राने या पद्धतीची ताकद आधीच पाहिली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत प्रत्येक नवजात बाळावर लक्ष ठेवलं. बाळं कशामुळे जातात हे नोंदवलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे जंतुसंसर्ग हे प्राथमिक कारण असल्याचं दिसलं. मग गावातल्याच स्त्रियांना संसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. कारण माहीत झालं, म्हणून उपाय नेमका ठरवता आला.

अर्थात या पद्धतीला मर्यादा आहेत. अपघात, सर्पदंश, बुडणं, बाळंतपणातला मृत्यू हे घरच्यांना नीट सांगता येतं. पण ताप मलेरियाचा होता की मेंदूज्वराचा, हे नुसत्या आठवणीवरून सांगणं कठीण. २०१० मध्ये मिलियन डेथ स्टडीने भारतात मलेरियाने वर्षाला सुमारे २ लाख मृत्यू होत असल्याचं म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज तेव्हा सुमारे १५ हजारांचा होता. या आकड्यावर मोठा वाद झाला, तो याच मुद्द्यावरून. त्यामुळे व्हर्बल ऑटॉप्सी ही डॉक्टरांच्या दाखल्याची जागा घेत नाही. जिथे दाखला मिळूच शकत नाही तिथली पोकळी ती भरते.

इतर देशांनी काय केलं?

ब्राझील: २००० च्या सुमारास तिथे सुमारे १४ टक्के मृत्यूंचं कारण ‘अस्पष्ट’ गटात जात होतं. आरोग्य यंत्रणेने अशा मृत्यूंचा पाठपुरावा सुरू केला. हॉस्पिटलच्या फायली पुन्हा तपासल्या, घरी जाऊन विचारलं. दहा-बारा वर्षांत हे प्रमाण साधारण निम्म्यावर आलं.

इंग्लंड आणि वेल्स: हॅरोल्ड शिपमन या डॉक्टरने आपल्याच पेशंटचे खून केले आणि मृत्यूचे दाखलेही स्वतःच लिहिले. २००० साली त्याला १५ खुनांसाठी शिक्षा झाली. पुढच्या चौकशीत बळींची संख्या दोनशेच्या वर असल्याचं समोर आलं. एकाच डॉक्टरच्या सहीवर विसंबायचं नाही, हा त्यातून घेतलेला धडा. ९ सप्टेंबर २०२४ पासून तिथे प्रत्येक मृत्यूचं कारण दुसरा स्वतंत्र डॉक्टर तपासतो किंवा ते प्रकरण कोरोनरकडे जातं.

अमेरिका: इथला अनुभव सावध करणारा आहे. मातामृत्यू सुटू नयेत म्हणून २००३ पासून फॉर्मवर ‘मृत स्त्री गरोदर होती का’ असा चौकोन आला. मातामृत्यू वाढलेले दिसू लागले. नंतर कळलं की मूल होण्याचं वय केव्हाच उलटलेल्या वृद्ध स्त्रियांच्या फॉर्मवरही तिथे खूण झाली होती. नुसता फॉर्म बदलून भागत नाही, भरणाऱ्याला शिकवावंही लागतं आणि भरलेलं तपासावंही लागतं.

भारतात आता काय बदललंय?

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. आता सरकारी असो वा खासगी, प्रत्येक वैद्यकीय संस्थेने तिथे झालेल्या मृत्यूचं कारण, आजाराच्या पूर्वेतिहासासह, निबंधकाला मोफत कळवायचं आहे. त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. दंडाची रक्कमही वाढली. नोंदणीचं काम राष्ट्रीय पोर्टलवर आणलं जातंय. बंगळुरूच्या आयसीएमआर-एनसीडीआयआर या संस्थेने हॉस्पिटलांना कारण नीट नोंदवता यावं म्हणून ‘ई-मॉर’ हे सॉफ्टवेअर तयार केलं आहे.

यामुळे दुसरी गळती कमी होऊ शकते. पण तिसरीचं काय? सक्ती केली की कागद भरला जाईल. त्यावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’च लिहिलं तर टक्केवारी वाढेल आणि माहिती तेवढीच राहील. म्हणून पुढची कामं साधी पण चिकाटीची आहेत:

- इंटर्न आणि निवासी डॉक्टरांना खऱ्या केस पेपरवर हा फॉर्म भरायचा सराव देणं.
- फक्त ‘हृदय बंद पडलं’ लिहिलेला ऑनलाइन फॉर्म पुढे न जाऊ देता मागचं कारण विचारणं.
- प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलने दर महिन्याला थोडे दाखले काढून केस पेपरशी ताडून बघणं.
- पोस्टमॉर्टेमचा अंतिम अहवाल आला की नोंदणी कार्यालयातलं कारण दुरुस्त करणं.
- घरच्या मृत्यूंसाठी व्हर्बल ऑटॉप्सीचा वापर वाढवणं.
- अहवाल चार वर्षांनी नव्हे, वर्षभरात प्रसिद्ध करणं.

तुम्ही काय करू शकता?

आपलं माणूस गेल्यावर कागदपत्रं सुचत नाहीत. तरी घरातल्या एका व्यक्तीला एवढं माहीत असलेलं बरं:

१. २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करा. मालमत्ता असो वा नसो. नवजात बाळ असलं तरीही.

२. हॉस्पिटलमधून मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत मागा. ती मिळणं हा आता तुमचा कायदेशीर हक्क आहे आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. विम्याच्या दाव्यात किंवा सरकारी मदतीच्या अर्जात हा कागद कामाला येऊ शकतो.

३. प्रत हातात आली की वाचा. जुना आजार लिहिलाय का? फक्त ‘अरेस्ट’ लिहिलं असेल तर ‘डॉक्टर, हे कशामुळे झालं तेही लिहाल का?’ असं शांतपणे विचारा. हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वी विचारणं सोपं जातं.

४. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या फॅमिली डॉक्टरकडे जा. जुन्या फायली, रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. कारण प्रमाणित करायला त्यांना त्याचाच आधार असतो.

५. पाहणीसाठी कुणी घरी आलं तर ओळखपत्र बघा आणि मग खरं सांगा. दारू, तंबाखू, आत्महत्या, एचआयव्ही, जे असेल ते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापायचं नाही असा कायदा आहे. तुम्ही सांगितलेलं कारण आकड्यात मिसळतं.

निधनवार्तेत काय छापायचं हा प्रत्येक घराचा खासगी प्रश्न आहे आणि तो तसाच राहावा. पण सरकारी कागदावर लिहिलेलं खरं कारण दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतं. सर्पदंशाच्या १२ लाख मृत्यूंचा हिशोब लागला, तो हजारो घरांनी त्या दिवशी काय झालं हे एका अनोळखी कर्मचाऱ्याला सांगितलं म्हणून.